तेलाची टाकी आणि तिचा राखणदार : वाशीम परिसराच्या संदर्भात मोटारसायकलच्या वंगणव्यवस्थेचा ऐतिहासिक अभ्यास (१९५५–२०२०)

प्रस्तावना

मराठीतील 'वंगण' हा शब्द मोटारसायकलपेक्षा जुना आहे. बैलगाडीचा आस आणि चाकाचा तुंबा यांच्यातील घर्षण कमी करण्यासाठी एरंडेलाचे वंगण घातले जाई आणि प्रवासात ते हाताशी असावे म्हणून गाडीखाली वंगणाचे नळकांडे बांधलेले असे. आस करकरू लागला की गाडीवान थांबे आणि स्वतःच्या हाताने वंगण घाली. दोष ऐकणारा, त्याचे कारण ओळखणारा आणि उपाय करणारा असा तेथे एकच मनुष्य होता. विसाव्या शतकाच्या आरंभी यंत्रांसाठी जी वंगणतेले तयार झाली, त्यांच्याशीही एरंडाचे नाते होते. 'कॅस्ट्रॉल' हे १९०९ मध्ये बाजारात आलेले नाव एरंडेलाच्या 'कॅस्टर' या इंग्रजी नावावरूनच पडले आहे.

पुढील काळात बैलगाडीची जागा हळूहळू मोटारसायकलने घेतली. या स्थित्यंतराचा विचार सामान्यतः वेग, अंतर, इंधनाचा खर्च किंवा सामाजिक प्रतिष्ठा या अंगांनी केला जातो. वाहनाला वंगण कोण घालतो, ते कोठे साठवले जाते आणि ते कमी पडल्याचे कोणाला कळते, हे प्रश्न मात्र तंत्रज्ञांचे समजून इतिहासाच्या कक्षेबाहेर ठेवले जातात. प्रस्तुत लेखात हेच प्रश्न केंद्रस्थानी आहेत. मोटारसायकलमध्ये तेलाची जागा जसजशी बदलली, तसतशी ते सांभाळण्याची जबाबदारीही एका हातातून दुसऱ्या हातात गेली. बिघाड नाहीसे झाले नाहीत, त्यांचे स्वरूप आणि ते ओळखणारा माणूस मात्र बदलला, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

विवेचनासाठी वाशीम परिसराची पार्श्वभूमी घेतली आहे. १९५५ हे भारतात बुलेट मोटारसायकलची जुळणी सुरू करणाऱ्या कंपनीच्या स्थापनेचे वर्ष होय, तर २०२० मध्ये चेतक हे नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या रूपाने परत आले. अभ्यासाचा कालखंड या दोन टोकांमधील आहे.

प्रादेशिक पार्श्वभूमी

वाशीम हे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ब्रिटिश काळात वऱ्हाडातील तो एक स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून अकोला जिल्ह्यात समाविष्ट करण्यात आला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या तालुक्यांचा पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. याचा अर्थ असा की, दुचाकी वाहनांच्या प्रसाराचा मुख्य काळ, म्हणजे १९६० ते १९९८, वाशीमने अकोल्याचा एक भाग म्हणून अनुभवला. वाहनाची नोंदणी असो की जिल्हा कचेरीतील काम, रस्ता अकोल्याकडे जात असे. 'एमएच ३७' हा वाशीमचा नोंदणी क्रमांक नव्या जिल्ह्याबरोबर आला, तत्पूर्वीच्या गाड्यांवर अकोल्याचा 'एमएच ३०' दिसे.

वाशीम शहर अकोला–पूर्णा लोहमार्गावर आहे आणि मूर्तिजापूर–यवतमाळ हा अरुंद मार्ग कारंज्यातून गेला होता. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर आणि मानोरा ही तालुक्याची गावे मात्र लोहमार्गापासून दूर राहिली. बाजार, दवाखाना, शाळा, तहसील या सर्वांसाठी रस्ता हाच आधार होता. एसटीच्या वेळा सांभाळणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांच्यासाठी दुचाकी ही चैनीची वस्तू न राहता कामाची वस्तू झाली.

वंगणाच्या दृष्टीने येथील भूगोलाचे तीन विशेष लक्षात घ्यावे लागतात. पहिला, उन्हाळ्यातील कडक तापमान. तापलेले तेल पातळ होते आणि धातूच्या पृष्ठभागांमधील त्याचा थर क्षीण होतो. दुसरा, काळ्या मातीची बारीक धूळ. ती तेलाच्या टाकीच्या झाकणाभोवती आणि श्वासनळीत, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील 'ब्रीदर'मध्ये, साचते. तिसरा विशेष चढ-उताराचा. अकोल्याहून वाशीमला येणारा रस्ता पातूरनंतर घाट चढून पठारावर येतो. उलट दिशेने जाताना तोच घाट उतरावा लागतो. या उताराचे तेलाशी नाते काय, हे पुढे स्पष्ट होईल.

इंजिनातच सामावलेली टाकी : बुलेट

आरंभीच्या मोटारसायकलींमध्ये तेल एकदा इंजिनात गेले की परत येत नसे. चालक ठरावीक अंतराने हातपंप दाबून टाकीतील तेल इंजिनात सोडी आणि ते जळून किंवा गळून नष्ट होई. पुढे तेल फिरवून परत आणणारी व्यवस्था आली. मद्रास येथे १९५५ मध्ये स्थापन झालेल्या एन्फिल्ड इंडिया कंपनीच्या ३५० घनसेंटीमीटर बुलेटमध्ये ही दुसरी व्यवस्था होती, परंतु तिची रचना वेगळी होती. तेलाची टाकी चौकटीला न टांगता इंजिनाच्या खालच्या ओतीव भागातच एका बंद कप्प्याच्या रूपाने केलेली होती. दोन पंप एकाच दांड्यावर चालत. एक कप्प्यातील तेल इंजिनाकडे पाठवी, दुसरा खाली साचलेले तेल उचलून परत कप्प्यात टाकी.

या रचनेतून एक गोंधळात टाकणारा दोष निर्माण होतो. गाडी काही दिवस उभी राहिली की कप्प्यातील तेल पंपाच्या झिजलेल्या फटींतून हळूहळू क्रँकच्या भागात उतरते. मालक डिपस्टिक काढून पाहतो, तेल कमी दिसते. तो नवे तेल ओततो. इंजिन सुरू होताच परतीचा पंप खाली उतरलेले तेल वर आणतो, कप्पा भरून वाहतो, ब्रीदरमधून तेल बाहेर पडते आणि सायलेन्सरमधून निळा धूर निघतो. 'गाडी ऑइल खाते' असा निष्कर्ष काढून इंजिन उघडण्याचा विचार होऊ लागतो. वास्तविक तेल कोठेही गेलेले नसते. त्याची जागा तेवढी बदललेली असते. म्हणून बुलेटचे तेल इंजिन काही मिनिटे चालवून, ते बंद केल्यावर लगेच मोजावयाचे असते. हे न पाळता केलेले मोजमाप आकड्याने बरोबर असूनही अर्थाने चूक ठरते.

याच्या उलट दोष अधिक गंभीर असतो. कप्प्यात तेल पुरेसे असते, परंतु ते फिरत नाही. फिल्टर बदलताना वायसर उलटसुलट बसणे, गॅस्केटने तेलाचे छिद्र झाकले जाणे, पंपाची बैठक झिजणे किंवा क्रँकच्या टोकाशी असलेले बुचाचे सील फाटणे ही त्याची नेहमीची कारणे. यासाठी रॉकरकडे तेल नेणाऱ्या नळीची जोडणी किंचित सैल करून, इंजिन मंद चालवून, तेथे तेल पोहोचते की नाही हे पाहिले जाई. टाकीतील पातळी आणि तेलाचा प्रवाह या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा बुलेटने तिच्या मालकांना व मिस्त्रींना दिला.

पेट्रोलात मिसळलेले तेल : टाकी नसलेली व्यवस्था

सामान्य माणसाच्या दारी आलेली दुचाकी मात्र बहुधा बुलेट नव्हती. १९६०च्या दशकाच्या प्रारंभी एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल गाडीवर आधारलेली राजदूत आणली. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझदी या नावाने गाड्या काढल्या. महाराष्ट्रातील आकुर्डीच्या बजाज ऑटोने इटलीच्या पियाजिओशी असलेला करार १९७१ मध्ये संपल्यावर १९७२ मध्ये चेतक हे नाव रूढ केले. त्याच वर्षी तत्कालीन अहमदनगर, आजचे अहिल्यानगर, येथील कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना आली. या सर्व गाड्या टू-स्ट्रोक होत्या आणि त्यांना वंगणाची वेगळी टाकी नव्हती. तेल पेट्रोलातच मिसळावे लागे.

चेतकसाठी प्रमाण दोन टक्के, म्हणजे एका लिटरला २० मिलिलिटर. पाच लिटरला १०० मिलिलिटर मोजणे सोपे होते. पण ज्याच्या खिशाला एका वेळी अर्धा लिटरच परवडे, त्याला १० मिलिलिटर तेल मोजावे लागे. गणित सोपे, मोजणे अवघड. पंपावरील कर्मचाऱ्याचा हात, मापाच्या भांड्याचा आकार, बाटलीतून पेट्रोल विकणाऱ्या दुकानदाराचा प्रामाणिकपणा या सर्वांवर इंजिनाचे आयुष्य अवलंबून राही. वंगणाची जबाबदारी प्रत्येक भरणीच्या वेळी नव्याने पार पाडावी लागे आणि ती मालक व पंपावरील कर्मचारी यांच्यात विभागलेली होती.

या व्यवस्थेतील दोष प्रमाणाचे होते. तेल जास्त झाले की प्लग काळा पडे, धूर वाढे आणि सायलेन्सर काजळीने चोक होई. इंजिनाची ताकद कमी झाल्याची तक्रार घेऊन आलेल्या गाडीचा सायलेन्सर उतरवून तो जाळून किंवा कॉस्टिक सोड्याने साफ करणे हे गॅरेजमधील ठरलेले काम होते. तेल कमी झाले तर पिस्टन तापून सिलिंडरला धरे, 'गाडी जाम होई'. चालत्या गाडीचे इंजिन असे अडकले तर मागचे चाकही अडकते. क्षणार्धात क्लच दाबला नाही तर चालक पडतो. तेलाचा प्रश्न येथे दुरुस्तीच्या खर्चापुरता न राहता जीविताचा होतो.

पातूरच्या उताराचे महत्त्व येथे कळते. मिश्रणावर चालणाऱ्या इंजिनात तेल फक्त पेट्रोलाबरोबर येते. उतारावर चालक अॅक्सिलरेटर पूर्ण बंद करून गाडी गिअरमध्येच ठेवतो तेव्हा चाके इंजिनाला वेगाने फिरवीत असतात, पण कार्बोरेटरमधून मिश्रण अगदी थोडे जाते. इंजिनाचे फेरे अधिक आणि तेल कमी, अशी विपरीत स्थिती निर्माण होते. म्हणून लांब उतारावर अधूनमधून मूठ किंचित पिळावी किंवा क्लच दाबून इंजिनाला मंद गतीवर येऊ द्यावे, अशी जाणत्या चालकांची रीत होती. मिश्रणाच्या गाडीसाठी चढाइतकाच उतारही जपण्याचा होता.

तरीही या ओबडधोबड व्यवस्थेचा एक गुण नोंदविला पाहिजे. मिश्रण एकदा योग्य केले की पेट्रोल आणि तेल बरोबरच संपत. तेल नाही आणि पेट्रोल मात्र आहे, अशी स्थिती येत नसे. गाडी बंद पडे, पण इंजिन शाबूत राही.

स्वतंत्र तेलटाकी : सोय आणि विसर

हा गुण पुढच्या सुधारणेत गमावला गेला. जपानच्या यामाहा कंपनीने १९६४ मध्ये वायए-६ या मोटारसायकलमध्ये 'ऑटोल्यूब' पद्धत आणली. तेलाची स्वतंत्र टाकी आणि क्रँकच्या फिरण्यावर चालणारा लहान पंप ही तिची अंगे. पंपाला अॅक्सिलरेटरची केबलही जोडलेली असते. त्यामुळे इंजिनाची गती आणि मुठीची पिळ या दोहोंनुसार तेल कमी-जास्त होते. उतारावर मूठ बंद असली तरी फिरणारे इंजिन पंप चालवीत राहते, म्हणजे पातूरच्या उताराचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो. भारतात ही पद्धत १९८०च्या दशकात रूढ झाली. १९८३ ची राजदूत ३५०, १९८४ ची इंड-सुझुकी आणि १९८५ ची यामाहा आरएक्स १०० ही तिची ठळक उदाहरणे. परदेशी सहकार्याला सरकारने दिलेली परवानगी ही त्यामागील आर्थिक पार्श्वभूमी होय.

मालकाला आता प्रत्येक भरणीला तेल मोजावे लागत नव्हते. बाजूच्या झाकणाशी असलेली टाकी एकदा भरली की शेकडो किलोमीटर निश्चिंती. परंतु पेट्रोल आणि तेल आता वेगवेगळ्या वेळी संपू लागले. पेट्रोल संपले तर गाडी थांबते. तेल संपले तर गाडी थांबत नाही, ती काही अंतर पूर्वीप्रमाणेच, प्रसंगी धूर कमी झाल्याने अधिक स्वच्छ वाटावी अशी चालते आणि मग एकदम जाम होते. सोयीबरोबर विसर आला आणि विसराची किंमत पिस्टन-ब्लॉकच्या रूपाने चुकवावी लागली.

तेलटाकीशी संबंधित बिघाडांचा क्रम लावल्यास पाच मुख्य प्रकार दिसतात.

(१) टाकीत तेल आहे, पण पंपापर्यंत पोहोचत नाही. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र धुळीने बंद झाले की तेल बाहेर पडताना मागे पोकळी निर्माण होते आणि प्रवाह मंदावतो. काळ्या मातीच्या प्रदेशात ही शक्यता प्रथम तपासावी लागते. झाकण सैल करताच प्रवाह सुरू झाला तर निदान तेथेच पूर्ण होते. दुसरे कारण टाकीच्या तोंडाशी असलेली जाळी तुंबणे. झाकण उघडे ठेवून तेल ओतताना गेलेली धूळ तळाशी चिखलासारखी बसते. अशा वेळी टाकी उतरवून पेट्रोलने धुणे आवश्यक असते.

(२) नळीत हवा धरणे. टाकी एकदा रिकामी झाली की नंतर ती काठोकाठ भरूनही उपयोग होत नाही, कारण नळीत शिरलेली हवा तेलाला पुढे जाऊ देत नाही. पंपावरील हवेचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबून अखंड तेल येईपर्यंत वाट पाहावी लागते. पंपापुढील बारीक नळी भरण्यास आणखी वेळ लागतो. तेवढ्या काळापुरते पेट्रोलच्या टाकीतही तेल मिसळून गाडी चालविणे हा सुरक्षित मार्ग होय. नव्या पद्धतीची गाडी वाचविण्यासाठी जुन्या पद्धतीचा आधार घ्यावा लागतो, ही गोष्ट तंत्रज्ञानाच्या इतिहासात लक्षणीय आहे.

(३) केबलचे जुळणे बिघडणे. अॅक्सिलरेटरची केबल बदलली, पण पंपावरील खूण जुळवली नाही, तर तेल कायम कमी किंवा कायम जास्त जाते. टाकी, नळी, पंप सर्व निर्दोष असूनही इंजिन बिघडते. हा दोष पूर्वीच्या दुरुस्तीतूनच जन्मलेला असतो. म्हणून यापूर्वी गाडीचे कोणते काम केले, हा प्रश्न निदानाचा आवश्यक भाग ठरतो.

(४) गळती. उन्हाने कडक झालेली नळी, सैल झालेली क्लिप, पंपाचे झिजलेले ऑइल सील. गळणारे तेल खाली वाहत आणि वाऱ्याने मागे पसरत असल्याने जेथे डाग दिसतो तेथे दोष असेलच असे नाही. भाग पुसून कोरडे करावेत, गाडी थोडी चालवावी आणि डागाचे सर्वांत वरचे टोक शोधावे, हा नियम येथे उपयोगी पडतो.

(५) उभ्या गाडीत तेल इंजिनात उतरणे. पंपापुढे तेल परत वाहू नये व आपोआप उतरू नये म्हणून स्प्रिंग आणि छर्ऱ्याची झडप असते. तिच्यात कचरा अडकला की रात्रभर तेल इंजिनात झिरपते. सकाळी किक मारताच दाट धूर येतो, काही वेळाने तो निवळतो. बुलेटमधील पूर्वोक्त दोषाशी याचे साम्य स्पष्ट आहे. रचना भिन्न, तीस वर्षांचे अंतर, पण तेल उंचावर साठवले की ते खाली उतरू पाहणार, हा निसर्गनियम दोन्हीकडे समान.

टाकीचा लोप : फोर-स्ट्रोक आणि धुराचे राजकारण

१९८५ मध्ये बाजारात आलेल्या हिरो होंडा सीडी १०० ने वेगळीच दिशा दिली. फोर-स्ट्रोक इंजिनात तेल जाळण्यासाठी नसते, ते इंजिनाच्या तळाशी राहते आणि पुन्हा पुन्हा फिरते. टाकी नाही, मिश्रण नाही, मोजमाप नाही. भरा, बंद करा आणि विसरून जा, अशा आशयाची तिची जाहिरात देशभर गाजली. ती पेट्रोलाच्या बचतीविषयी होती, परंतु वंगणाच्या इतिहासात 'विसरणे' हा गुण म्हणून प्रथमच विकला गेला.

तथापि तळाशी असलेले सुमारे एक लिटर तेल इंजिन, क्लच आणि गिअर या तिन्हींची सेवा करते. ते सहसा गळत नाही, लवकर संपत नाही, पण जुने होते. धातूची भुकटी आणि काजळी घेऊन काळे व पातळ होते. दोषाचे स्वरूप अशा रीतीने 'कमी पडणे' येथून 'जीर्ण होणे' येथपर्यंत बदलले. जीर्णता डोळ्यांना पातळीसारखी दिसत नाही. ती किलोमीटरच्या आकड्यावरून ठरवावी लागते आणि तो आकडा कंपनीच्या पुस्तिकेत असतो. मोफत सर्व्हिसिंगचे कूपन हे या नव्या व्यवस्थेचे कागदोपत्री रूप होय. तेलाचा राखणदार आता मालक किंवा पंपावरील कर्मचारी राहिला नाही, तो सर्व्हिस सेंटर झाला. डिपस्टिक न फिरवता नुसती टेकवून पातळी पाहावी की आटे बसवून, हा पुस्तिकेतील छोटासा तपशील चुकला तरी मोजमाप चुकते, हे मात्र बुलेटच्या काळाप्रमाणेच कायम राहिले.

टू-स्ट्रोकच्या ऱ्हासाला बाजारपेठेइतकेच राज्यसंस्थेचे धोरणही कारणीभूत ठरले. टाकीतून कमी होणारे तेल अखेर हवेत जात होते. १९९१ पासून वाहनांच्या धुरावर मर्यादा आल्या, त्या १९९६ आणि २००० मध्ये अधिक कडक झाल्या. १९९८ च्या अखेरीस दिल्लीत सुटे टू-टी तेल विकण्यावर बंदी येऊन पंपावरच नेमके मिश्रण देण्याची व्यवस्था झाली. २० मिलिलिटरचे जे माप एकेकाळी खेड्यातील दुकानदाराच्या हाती होते, ते आता सार्वजनिक आरोग्याचा विषय बनले. १९९०च्या दशकाच्या अखेरीस मोटारसायकलींनी स्कूटरला मागे टाकले आणि त्यांत फोर-स्ट्रोकचे प्रमाण वाढत गेले. येझदीचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, आरएक्स १०० चेही त्याच वर्षी. २०१० च्या सुमारास बुलेटनेही जुने इंजिन सोडले आणि तिचा ओतीव तेलकप्पा इतिहासजमा झाला. जानेवारी २०२० मध्ये चेतक विजेवर धावू लागली. तिला इंजिनाच्या तेलाचीच गरज नाही.

दोषनिदान : एक ज्ञानव्यवस्था

उपरोक्त बिघाडांचा एकत्रित विचार केला असता गॅरेजमधील मिस्त्रीची निदानपद्धती स्वैर नव्हती, असे दिसून येते. प्रथम विचारपूस : गाडी किती दिवस उभी होती, शेवटी तेल कधी भरले, कोणते काम नुकतेच झाले. मग निरीक्षण : धुराचा रंग, तो केव्हा येतो व केव्हा थांबतो, प्लगचे टोक ओले की कोरडे, काळे की पांढरट. मग सर्वांत स्वस्त आणि उलटवता येण्याजोगी तपासणी आधी, म्हणजे झाकण, छिद्र, नळी, क्लिप. इंजिन उघडणे सर्वांत शेवटी. हा क्रम वैद्यकातील प्रश्न, दर्शन आणि स्पर्श या परीक्षाक्रमाशी जुळणारा आहे.

या ज्ञानाची भाषा मिश्र असूनही नेमकी आहे. 'हवा धरणे', 'ऑइल खाणे', 'धूर मारणे', 'चोक होणे', 'जाम होणे' ही क्रियापदे लक्षण आणि कारण एकत्रच सांगतात. त्यांत इंग्रजी नाम आणि मराठी क्रियापद यांचा संयोग आहे. यंत्राचे भाग बाहेरून आले, पण त्यांचे वागणे मराठीने आपल्या शब्दांत टिपले, असा निष्कर्ष भाषाभ्यासकाला यातून काढता येईल.

मात्र या ज्ञानाचे हस्तांतरण प्रामुख्याने हाताखाली काम करणाऱ्या मुलाने पाहून शिकण्यातून होत असे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमात इंजिनाची तत्त्वे होती. पण कोणत्या रस्त्यावर, कोणत्या हंगामात, कोणता दोष आधी संशयावा, हे स्थानिक ज्ञान पुस्तकात येण्याजोगे मानले गेले नाही. वाकाटकांचे ताम्रपट हे या प्रदेशाच्या इतिहासाचे साधन आहे, याविषयी दुमत नाही. त्याच न्यायाने गॅरेजची बिलबुके, कंपन्यांच्या मालकपुस्तिका, सर्व्हिसिंगची कूपने, पंपावरची तेलाची मापे आणि झिजलेले पंप हीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाची साधनेच होत. त्यांचे आयुष्य ताम्रपटाएवढे नाही.

निष्कर्ष

१. वंगणतेलाचे स्थान हे केवळ अभियांत्रिकीचे तपशील नसून जबाबदारीच्या वाटपाचे निदर्शक आहे. मिश्रणाच्या गाडीत ती मालक व पंपावरील कर्मचारी यांच्याकडे, तेलटाकीच्या गाडीत मालकाच्या स्मरणशक्तीकडे, तर फोर-स्ट्रोकमध्ये सर्व्हिस सेंटरकडे गेली.

२. प्रत्येक सुधारणेने एक दोष मिटवून दुसरा निर्माण केला. स्वतंत्र टाकीने प्रमाणाचा प्रश्न सोडविला, परंतु पेट्रोल असताना तेल संपण्याचा नवा धोका आणला. फोर-स्ट्रोकने तो धोका कमी केला, परंतु न दिसणारी जीर्णता आणली.

३. हवामान, माती आणि घाटरस्ते यांमुळे दोषांची शक्यता प्रदेशानुसार बदलते. म्हणून दुरुस्तीचे ज्ञान स्थानिक असते आणि स्थानिक इतिहासात त्याला स्थान मिळणे योग्य ठरते.

४. टू-स्ट्रोक गाड्यांवर हात बसलेली मिस्त्रींची पिढी आता वृद्धत्वाकडे झुकली आहे. वाशीम जिल्ह्यातील महाविद्यालयांनी इतिहास, भौतिकशास्त्र, मराठी आणि वाणिज्य या विभागांच्या सहकार्याने त्यांच्या मुलाखती, शब्दसंग्रह व कागदपत्रे संकलित करण्याचा प्रकल्प हाती घ्यावा. तालुक्यागणिक एक गॅरेज घेतले तरी सहा तालुक्यांचे चित्र उभे राहू शकेल आणि विद्यार्थ्यांना क्षेत्रीय अभ्यासाचा जवळचा विषय मिळेल.

बैलगाडीच्या नळकांड्यापासून मोटारसायकलच्या तेलटाकीपर्यंतच्या प्रवासात एक गोष्ट टिकून होती. वंगण कमी पडले की यंत्र आधी आवाजाने, धुराने, वासाने सूचना देते आणि ती सूचना समजणारा कोणीतरी जवळ असावा लागतो. तो कोण होता, त्याला काय कळत होते आणि त्याची जागा कोणी घेतली, याची नोंद ठेवणे हे स्थानिक इतिहासलेखनाचे कार्य होय.